पाळेल तिचा कोंबडा

गेल्या श्रावणात अलिबाग तालुक्यातल्या रामराज भागात एका गावी बचत गटाच्या बायकांसाठी परसातल्या कोंबडीपालनाचं एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. शिकवायला आलेले गृहस्थ भले होते, विषय त्यांना येत होता. खुराडं जमिनीपासून किती वर असावं, लासोटाची लस पहिल्या आठवड्यात का द्यायची, पिल्लांना ऊब कशी द्यायची, हे सगळं त्यांनी नीट समजावून सांगितलं. शेवटी वही मिटता मिटता म्हणाले, "आणि हो, नको असलेले कोंबडे वेळीच काढून टाका. ते नुसते खातात, भांडतात, उपयोग शून्य." बायका पदरात तोंड लपवून हसल्या. एकीने शेजारणीला कोपराने ढोसून काहीतरी पुटपुटलं, त्यावर आणखी हशा. नुसतं खाणारे आणि भांडणारे म्हटल्यावर बायकांना कोण आठवलं असेल ते सांगायला नको. मीही हसले.

एक बाई तेवढी हसली नाही. चहाच्या वेळी ती माझ्याजवळ येऊन बसली. चार-पाच महिने तिच्या अंगावरून खूप जात होतं. डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला सांगितली होती. घरात सांगायची लाज, आणि सांगून पैसे मिळतील याची खात्री नाही. तिने मनाशी वेगळा हिशेब मांडला होता. संक्रांतीच्या सुमाराला दोन कोंबड्या रवणीला बसवल्या होत्या. सतरा पिल्लं निघाली. काही घारीने नेली, काही मुंगसाने, उरली अकरा. त्यात पाच कोंबडे. आषाढात त्यांना वजन आलं, तेव्हा तिने ठरवलं की गटारीच्या आधी भाव चढेल तेव्हा पाचही विकायचे आणि त्या पैशात सोनोग्राफी उरकायची. गटारीला नवऱ्याचे मुंबईचे मित्र आले, तीन कापले. एक नवसाला गेला. पाचवा दिराने नेला, विचारलंसुद्धा नाही, म्हणाला, "घरचाच तर आहे." त्या तिघांचं मटण तिनेच साफ केलं, वाटण वाटलं, भाकऱ्या थापल्या, दुखऱ्या कमरेने रात्री अकरापर्यंत वाढलं.

"ते सर म्हणतात नको असलेले कोंबडे," ती म्हणाली. "नको असलेला एकसुद्धा नव्हता ताई. सगळ्यांना हवे होते. माझे तेवढे नव्हते."

मैत्रिणींनो, हा लेख त्या एका वाक्यावर आहे. कोंबडीपालनाची कुठलीही पुस्तिका उघडा, त्यात 'जादा नर' ही एक अडचण म्हणून दिलेली असते आणि तिच्यावरचा उपाय दोन ओळींत आटोपलेला असतो. जणू ही पक्ष्यांची अडचण आहे. माझं म्हणणं असं आहे की ती घरातल्या मालकीची अडचण आहे. कोंबडा खाऊन-पिऊन वाढतो तोवर तो बाईचा असतो, तिच्या डोक्याला ताप असतो. ज्या दिवशी तो सुरीला किंवा काट्याला लागतो त्या दिवशी तो 'घरचा' होतो. आणि घरचा म्हणजे कुणाचा, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे.

आधी हे कोंबडे येतात कुठून ते पाहू, कारण दोष पुन्हा बाईच्याच अंगाला चिकटतो. "हिच्या कोंबड्यांना सगळे कोंबडेच होतात," असं मी स्वतः ऐकलं आहे. आरोग्य-शिबिरांत आपण चित्र काढून सांगतो की मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावर ठरतं, बाईला दोष देऊ नका. पक्ष्यांत निसर्गाने उलट केलं आहे. नर की मादी हे तिथे मादीच्या अंड्यावर ठरतं. पण कोंबडीला तरी त्यात निवड कुठे आहे? एकवीस दिवस ती अंड्यांवरून हलत नाही, दाणा-पाण्यापुरती उठते, आणि निघालेल्या पिल्लांत साधारण निम्मे नर, निम्म्या माद्या असतात. गावठी कोंबडी वर्षाला जेमतेम पन्नास-साठ अंडी देते. त्यातली काही विकायची, काही घरात लागतात, राहतील ती रवणीला. म्हणजे बाईने वर्षभर जपलेल्या पिल्लावळीत निम्मे पक्षी असे, की ज्यांचं पुढे काय करायचं हे तिच्या हातात नाही.

दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो, हे गावातल्या कुठल्याही म्हातारीला माहीत आहे. सरकारलाही माहीत आहे. आपल्या राज्याच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत तलंगांचा जो गट देतात त्यात २५ माद्या आणि ३ नर असं प्रमाण ठरलेलं आहे. पण त्याच योजनेचा दुसरा प्रकार आहे १०० एकदिवसीय पिल्लांचा, ५० टक्के अनुदानावर. एका दिवसाच्या पिल्लात नर-मादी ओळखणं हे घरच्या बाईचं काम नव्हे. पिल्लं निवडून दिलेली नसतील तर सुमारे पन्नास कोंबडे होणार हे उघड आहे. सुधारित जातींचे नर लवकर दोन किलोला जातात, तेव्हा ते विकून पैसा येतो, हे खरं. पण मग प्रशिक्षणात त्यांच्या विक्रीवर एक तास का नसतो? खुराड्याच्या मापावर एक तास, लसीवर एक तास, आणि पन्नास कोंबड्यांच्या पैशावर "वेळीच काढून टाका" एवढंच? (जातींची नावंसुद्धा पाहा. गिरिराज, वनराज. अंडी घालणार त्या, नाव राजाचं.)

जादा कोंबडे घरात ठेवणं म्हणजे काय, हे ज्या बाईला रोज खुराडं उघडायचं असतं तिला विचारा. तीन-चार महिन्यांचे झाले की ते एकमेकांना रक्तबंबाळ करतात. एकाच कोंबडीच्या मागे चौघे लागतात, तिच्या पाठीची पिसं जातात, कातडी फाटते, ती खुराड्यात कोपऱ्याला तोंड करून उभी राहते आणि अंडी बंद करते. बायका याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. मला वाटतं त्या तेव्हा फक्त कोंबडीबद्दल बोलत नसतात, पण ते असो. तांदळाची कणी, कोंडा, उरलंसुरलं यावर कोंबडा वाढतो, हे 'फुकट' समजलं जातं. कणी पाखडणारी बाई, शिजवून उरलेलं बाजूला ठेवणारी बाई, संध्याकाळी मोजून आत घेणारी बाई, रात्री खुराड्याशी खसखस झाली की बॅटरी घेऊन उठणारी बाई. मानमोडीची साथ आली आणि सकाळी सात-आठ पक्षी माना टाकून पडलेले दिसले की खड्डा खणणारीही तीच. हे सगळं फुकट.

आता खरी गोष्ट. त्या दिवशी चहानंतर मी विषय गटात काढला. म्हटलं, अंड्यांचे पैसे कुणाकडे असतात? सगळ्या म्हणाल्या, आमच्याकडे. कोंबड्याचे? शांतता. मग एक आगरी मावशी, साठीच्या पुढच्या, म्हणाल्या, "अंडा लपतं बाय, कोंबरा लपत नाय."

मी समाजकार्याची पदवी घेतली, स्त्रियांच्या अदृश्य श्रमावर निबंध लिहिले, पण इतकं नेमकं मला कुणी शिकवलं नव्हतं. अंडं तांदळाच्या पिंपात राहतं. शाळेत जाणाऱ्या पोरीच्या दप्तरातून दुकानात जातं. त्याचे सात-आठ रुपये कुणाच्या डोळ्यावर येत नाहीत, आणि आले तरी 'तुझं तुला मिठामिरचीला' म्हणून सोडून दिले जातात. कोंबडा पहाटे चारला अख्ख्या आळीला सांगतो की मी इथे आहे आणि मोठा झालोय. शेजारी मोजतात, दीर मोजतो, देवाचं नाव काढून सासू मोजते. म्हणजे बाईची कमाई ती, जी कुणाला दिसत नाही. दिसू लागली की ती घराची. 'म्हातारीने कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही' अशी म्हण आपण लहानपणापासून ऐकतो आणि त्या म्हातारीच्या अडाणीपणाला हसतो. तिला सूर्य थांबवायचा होता असंच सगळे धरून चालतात. मला हल्ली वाटतं, तिला फक्त कोंबडं वाचवायचं होतं.

आणि आपण गटांमधून काय केलं? अंड्यांच्या लपवलेल्या पैशाला 'बचत' म्हणून प्रतिष्ठा दिली. त्यात चूक नव्हती, त्या पैशांनी पुष्कळ बायका उभ्या राहिल्या. पण लपवून ठेवलेल्या पैशावर हक्क सांगता येत नाही. हक्क सांगायचा तर तो दिसणाऱ्या गोष्टीवरच सांगावा लागतो, चारचौघांत, आरवणाऱ्या गोष्टीवर. ते आपण टाळलं.

देवाचा मुद्दा अवघड आहे आणि तो मी टाळणार नाही. आपल्या भागात गावदेवीला, वेशीवरच्या राखणदाराला, चैत्रात कार्ल्याच्या एकवीरेला कोंबडा देणारी घरं पुष्कळ आहेत. गटात यावरून भांडण झालं. दोघी-तिघी म्हणाल्या, देवाचा कोंबडा हिशेबात धरू नका, पाप लागेल. एक तरुण मुलगी म्हणाली, बळी देणंच बंद करा. मी कुणाच्या श्रद्धेत हात घालायला गेले नव्हते, आणि बाहेरून येऊन बायकांना देव शिकवणाऱ्यांबद्दल मला फारसं प्रेमही नाही. मी एवढंच विचारलं की नवस कुणी बोलला? ज्याने बोलला त्याने स्वतःच्या पैशाने कोंबडा आणला का? दुसऱ्याच्या कोंबड्यावर नवस फेडला तर पुण्य कुणाच्या खात्यावर? यावर त्या मावशीच पहिल्यांदा हसल्या. मग बऱ्याच वेळाने एकीने सांगितलं की मुलाच्या दुखण्यात तिने स्वतः नवस बोलला होता, स्वतः पाळलेला सगळ्यात देखणा कोंबडा दिला आणि तिला त्याचं दुःख नाही. अर्थातच नाही. तो तिने दिला होता.

याच श्रद्धेच्या पोटात दुसरी एक गोष्ट आहे, तिच्यावर मात्र मी गप्प बसणार नाही. कोंबडी आरवली तर अपशकुन, तिला त्याच दिवशी कापायची, असं आजही मानतात. कोंबडीच्या पोटात कामाचं अंडाशय एकच असतं, डावीकडचं. ते आजाराने किंवा वयाने निकामी झालं की काही कोंबड्या कोंबड्यासारख्या आरवू लागतात, तुरा वाढतो. एवढंच आहे ते. कोंबडा आरवला तर मंगल, कोंबडी आरवली तर मान मुरगळा. हे सांगितल्यावर बायकांना अधिक स्पष्टीकरण लागलं नाही.

आता बंगलेवाल्यांकडे वळते. २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या घेऊन येणारी रो-रो बोट सुरू झाली, पुढे २०२४ मध्ये अटल सेतू झाला. किहीम, आवास, नागाव, आक्षी या पट्ट्यात शनिवार-रविवारची वस्ती वाढली. या मंडळींना गावाकडची हवा हवी असते, गावठी कोंबड्याचा रस्सा हवा असतो, फक्त तो कोंबडा पहाटे आरवायला नको असतो. माझ्या ओळखीच्या एका बाईला, जी अशाच एका बंगल्यावर झाडलोट करते, सांगण्यात आलं की तुझे कोंबडे आवर, पाहुण्यांची झोपमोड होते. तिने दोन तरणे कोंबडे घाईने व्यापाऱ्याला दिले, पडेल भावात. त्याच रविवारी त्याच बंगल्यावर गावठी कोंबड्याचं जेवण बाहेरून मागवलं होतं. भांडी तिने घासली.

फ्रान्समध्ये २०१९ साली असाच खटला झाला. ओलेरों बेटावर कोरिन फेसो नावाच्या बाईंचा मोरीस नावाचा कोंबडा होता. शेजारी सुट्टीपुरतं येणाऱ्या जोडप्याने तो आरवतो म्हणून कोर्टात खेचलं. कोर्टाने निकाल बाईंच्या बाजूने दिला. पुढे जानेवारी २०२१ मध्ये तिथे कायदाच झाला की खेड्यातले आवाज आणि वास हा खेड्याचा वारसा आहे. मी हे गटात सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "कोंबडा त्या बाईच्या नावावर होता?" कोर्टात तिचं नाव होतं, हे खरं. आपल्याकडे असा खटला उभा राहिला तर प्रतिवादी म्हणून कुणाचं नाव लागेल, याचा विचार करून पाहा.

शहरातल्या मैत्रिणी मला विचारतात की तुम्ही प्राण्यांच्या बाजूने नाही का? प्रश्न रास्त आहे. तर मग खरी क्रूरता कुठे आहे तेही बघू. परसातला कोंबडा सहा महिने उकिरड्यावर चरतो, उन्हात पंख पसरतो, झाडावर झोपतो. अंड्यांच्या मोठ्या कारखानदारीत नर पिल्लू जन्मलं त्याच दिवशी मारलं जातं, कारण त्या जातीचा नर अंडी घालत नाही आणि मांसासाठी पुरेसा भरतही नाही. जगभरात दर वर्षी अशी ६०० कोटींहून जास्त पिल्लं मारली जातात असा अंदाज आहे. गावोगाव पाटीत लाल-हिरवी रंगवलेली पिल्लं घेऊन फिरणारे विक्रेते आपण पाहिले आहेत. ती बहुतेक अशीच उबवणी केंद्रातून फुकापासरी सुटलेली नर पिल्लं असतात, पोरांच्या हातात दोन दिवस जगतात. जर्मनीने २०२२ पासून हा प्रकार कायद्याने बंद केला, तिथे अंड्यातच नर-मादी तपासण्याची यंत्रं आली.

अंड्यातच तपासणी हे वाचून आपल्यापैकी ज्या जुन्या कार्यकर्त्या आहेत त्यांच्या पोटात काहीतरी हललं असेल. गर्भलिंगनिदानाविरुद्ध मुंबईत मोर्चे निघाले, १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला. म्हणून इथे एक उपमा अगदी तोंडाशी येते: माणसांत मुलगी नको, कोंबड्यांत नर नको. एका भाषणात मी ती ऐकलीही. मला ती पटत नाही. मुलगी नकोशी होते ती तिच्या श्रमाची किंमत शून्य धरल्यामुळे, हुंड्यामुळे, वारशामुळे. ती माणूस आहे, तिचा हिशेब मांडणंच गुन्हा आहे. कोंबडा हे बाईचं उत्पादन आहे. दोन्ही गोष्टी एका वाक्यात बसवून टाळ्या मिळतील, पण त्या बाईची सोनोग्राफी होणार नाही. साम्य आहे ते एकच, की कोण राहणार आणि कोण जाणार हा निर्णय जिच्या घामाचा आहे तिला विचारून होत नाही.

अलिबाग तालुक्याला घामाचा हिशेब मागायला कुणी शिकवायची गरज नाही. १९३३ साली चरीला नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने पंचवीस गावच्या कुळांनी खोतांची जमीन कसायचं नाकारलं. १९३९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा वर्षं, शेतं ओसाड राहिली. त्या सहा वर्षांत चुली कशा पेटल्या असतील? बायकांनी काय विकलं असेल, काय शिजवलं असेल? त्याचा इतिहास फार थोडा लिहिला गेला. पुढे १९४८ चा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषिदिन ठरला, कसेल त्याची जमीन झाली. 'त्याची'. कसणारीची नाही. लावणी कुणी केली, बेणणी कुणी केली, हे सातबाराने विचारलं नाही. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी बायका लाखोंनी जमल्या, नंतर लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत काही गावांत बायकांच्या नावावर जमीन झाली, ही मोठीच गोष्ट होती. पण आमच्या गावांत आज सातबारे काढून बघा. म्हणून मी म्हणते, जमिनीपर्यंत पोचायला वेळ लागेल तोवर खुराड्यापासून सुरुवात करू. कसेल त्याची जमीन, तर पाळेल तिचा कोंबडा.

आपल्याच चळवळीतल्या एका ज्येष्ठ मैत्रिणीने हे ऐकून मान हलवली. म्हणाली, "बलात्कार, हिंसा, रोजगार एवढे प्रश्न पडलेत आणि तू कोंबड्यांवर लेख लिहिणार?" तिचा मला आदर आहे, पण हे मला मान्य नाही. हिंसेच्या किती केसेसमध्ये आपण विचारतो की भांडण कशावरून झालं? आणि उत्तर येतं, "काही नाही, किरकोळच." ते किरकोळ म्हणजे काय, ते आपण लिहून घेत नाही. एका केसमध्ये ते किरकोळ म्हणजे बाईने न विचारता विकलेला कोंबडा होता. डोक्याला चार टाके पडले होते.

२०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटींच्या वर कोंबड्या-बदकं मोजली गेली, त्यातली सुमारे ३१ कोटी ७० लाख परसातली, आणि परसातला आकडा २०१२ च्या तुलनेत ४५ टक्क्यांहून जास्त वाढलेला. हा पसारा किरकोळ म्हणायचा? ऑक्टोबर २०२४ मध्ये पुढची गणना सुरू झाली, तिच्यात पहिल्यांदा हेही विचारलं जाऊ लागलं की जनावरांची देखभाल मुख्यतः बाई करते की पुरुष. चांगलं झालं, उशिरा का होईना. पण विकतं कोण आणि पैसे कुणाच्या हातात पडतात, हा पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय ती नोंद अर्धीच राहते. नुसतं 'देखभाल बाई करते' असं लिहून आलं तर उद्या त्याचाच दाखला देऊन आणखी एक काम आपल्या गळ्यात बांधतील.

जानेवारी २०२५ मध्ये उरणच्या चिरनेरला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात, बर्ड फ्लू निघाला तेव्हा परसातल्या कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. २००६ मध्ये नवापूरला झालं होतं तेच. रोगासाठी ते करावंच लागतं, एक किलोमीटरच्या आतले पक्षी ठेवता येत नाहीत, त्याबद्दल वाद नाही. पण अशा वेळी पंचनामा होतो, भरपाई ठरते, आणि कागदावर पाळणाऱ्याचं नाव लागतं. आपल्या गटातल्या किती जणींनी आजच ठरवलं आहे की ते नाव आपलं असेल? घरात नवऱ्याशी बोलणं झालं आहे का? साथ आल्यावर हे बोलायला सवड मिळणार नाही.

आम्ही त्या गावात काय केलं ते सांगते, फार काही मोठं नाही. प्रत्येकीने एक वही केली, त्यात पिल्लं निघाल्याची तारीख आणि किती कोंबडे हे लिहायचं. दोन-अडीच महिन्यांत तुरा आणि शेपटीची पिसं यावरून कोंबडे ओळखू येतात, तेव्हाच घरात उघडपणे सांगायचं की यातला एक ठेवायचा आहे, एक सणाला, बाकीचे मी विकणार आणि पैसे कशाला लागणार आहेत. लपवायचं नाही. सगळ्यात जास्त विरोध याच मुद्द्याला झाला आणि तो बायकांकडूनच झाला. "सांगितलं की गेलेच," असं त्यांचं म्हणणं होतं. दोघींच्या बाबतीत ते खरंही ठरलं. तिसरीच्या नवऱ्याने आठ दिवस अबोला धरला आणि मग स्वतःच व्यापाऱ्याला फोन केला. व्यापारी आतापर्यंत नगावर घ्यायचा, हातात धरून अंदाजाने, आणि बाई एकटी असली की अंदाज कमी व्हायचा. आता गटाने लटकता काटा घेतला आहे. सातजणींनी मिळून एकाच दिवशी एकोणीस कोंबडे वजनावर दिले. व्यापारी कुरकुरला, म्हणाला, गावठीला कधी काटा लावतात का? मग त्याने लावला.

कापायचं कुणी, हा प्रश्न मात्र सुटला नाही. पुष्कळ बायका स्वतः पाळलेला पक्षी कापत नाहीत, काही खातही नाहीत, आणि यात कमीपणा काही नाही. पण त्यामुळे शेवटची सुरी पुरुषाच्या हातात आणि सुरीबरोबर निर्णयही, असं होतं. एकीने सुचवलं की जिवंतच विकू, घरी कापायचाच नाही. दुसरी म्हणाली, म्हणजे आम्ही कधी खायचंच नाही का? यावर बराच वेळ गेला. मी नोंद तेवढी केली आहे.

सुरुवातीला जिच्याबद्दल लिहिलं त्या बाईची सोनोग्राफी दिवाळीनंतर झाली, गटाच्या कर्जातून. गर्भाशयाला गाठी निघाल्या, औषधं चालू आहेत. कर्जाचे दोन हप्ते तिने नव्या चार कोंबड्यांतून फेडले. पाचवा अजून आहे, काळपट लाल, तो ती विकत नाही म्हणते, रवणीसाठी ठेवलाय. यंदाची बैठक गटारीच्या आधीच्या सोमवारी तिच्याच ओटीवर आहे. येताना काटा आणायचा आहे, तो सध्या माझ्याकडे आहे.